बँजोच्या पाचव्या तारेचा माग

विशेष प्रतिनिधी

फेब्रुवारी २०२४ मध्ये बियॉन्से या कृष्णवर्णीय अमेरिकी गायिकेचे 'टेक्सास होल्ड एम' हे गाणे प्रसिद्ध झाले आणि थोड्याच दिवसांत ते 'बिलबोर्ड'च्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. या यादीत अग्रस्थान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. कंट्री हे गोऱ्यांचे संगीत, त्यात हिचे काय काम, अशी कुजबुजही त्या वेळी झाली. या कुजबुजीला गाण्याच्या आरंभी वाजणारा बँजोच पुरेसे उत्तर होता. तो वाजवला होता रियानन गिडन्स या नॉर्थ कॅरोलायनाच्या कलावतीने. आणि तिने ही विद्या घेतली ती कंट्री संगीताच्याही आधीच्या, 'ओल्ड-टाइम' नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रामीण तंतुवाद्य-वृंदाच्या परंपरेतून. हे संगीत नेमके कसे वाजवले जाते, हे समजून घेतले की ते कोणाचे, या प्रश्नाचाही बराच उलगडा होतो.

बँजो म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गणपतीच्या मिरवणुकीतील 'बेंजो पार्टी' उभी राहते. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्या वादकांवर हिंदी चित्रपटही काढला होता. पण ते वाद्य वेगळे. बटणे दाबून वाजवायचे, जपानी ताइशोगोतोच्या कुळातले. अमेरिकी बँजो म्हणजे डफासारख्या गोल कड्यावर ताणलेले कातडे, त्याला जोडलेली लांब दांडी आणि तिच्यावर पाच तारा. त्यांतील पाचवी तार इतरांपेक्षा आखूड असते. तिची खुंटी दांडीच्या टोकाला नसून मध्येच, एका कडेला बसवलेली असते. या आखूड तारेकडे लक्ष ठेवावे. पुढच्या कहाणीत तिचे महत्त्व मोठे आहे.

वर्तुळात बसलेला वृंद

अमेरिकेच्या आग्नेय भागातील ॲपलेशियन डोंगररांगा आणि त्यांच्या पायथ्याची शेतीची गावे हा या संगीताचा मुख्य प्रदेश. व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायना, केंटकी, टेनेसी ही राज्ये त्यात येतात. वृंदाचा गाभा फिडल आणि बँजो या जोडीचा. फिडल म्हणजे व्हायोलिनच. वाद्य तेच, वाजवण्याची रीत निराळी. गिटार या जोडीला नंतर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीस मिळाली. कोठे मँडोलिन, कोठे उभा बास यांचीही साथ असते.

हे संगीत मुळात ऐकण्यासाठी नव्हते, नाचण्यासाठी होते. मक्याची कणसे सोलण्याचे सामुदायिक काम आटोपले, की घरातले सामान भिंतीकडे सरकवून चार-चार जोड्यांचे नाच सुरू होत. चालींची घडणही त्याला साजेशी आहे. बहुतेक चालींचे दोन भाग असतात. प्रत्येक भाग आठ मात्राखंडांचा आणि तो दोनदा वाजतो, म्हणजे एक आवर्तन ३२ खंडांचे. नाच चालू असेतोवर हेच आवर्तन दहा वेळा, वीस वेळा फिरत राहते. मग ते संपणार कसे? म्होरक्या फिडलवादक शेवटच्या फेरीत एक पाय उचलून धरतो. तो पाय दिसला की सारे जण एकाच ठोक्यावर थांबतात.

जॅझ किंवा ब्लूग्रास ऐकणाऱ्याला येथे एक गोष्ट चुकल्यासारखी वाटेल. एकेकाने पुढे येऊन आपली करामत दाखवावी, असा प्रकार येथे नाही. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा बँजोवादक बिल मन्रो यांच्या वृंदात आला आणि त्याच्या तीन बोटांच्या वेगवान वादनातून ब्लूग्रासला त्याचे रूप मिळाले. ते संगीत मंचावरचे आणि रेडिओवरचे. ओल्ड-टाइममध्ये मात्र सगळे जण एकाच वेळी, एकच चाल वाजवतात. बँजो फिडलला धरून चालतो. गिटार खालचा स्वर आणि वरचा झणत्कार असा ठेका सांभाळते. वादक श्रोत्यांकडे तोंड करून बसत नाहीत, एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात बसतात. नवखे वादक बाहेरच्या कडेला बसून हळू आवाजात चाल उचलू पाहतात. स्वरलिपीचा कागद सहसा कोणापुढे नसतो. दहाव्या आवर्तनापर्यंत चाल कानात मुरते आणि बोटे आपसूक तिच्या मागे जातात.

फिडल लावण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात व्हायोलिनच्या चार तारा एका ठरावीक मेळात असतात. डोंगरातील फिडलवादक मात्र चालीनुसार तारा बदलून लावतात. 'ए' या स्वरातील अनेक चालींसाठी खालच्या दोन्ही तारा चढवून 'ए-ई-ए-ई' अशी जुळणी करतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ही सा-प-सा-प जुळणी. कर्नाटक संगीतातील व्हायोलिनवादकही तारा अशाच लावतात. उद्देशही मिळताजुळता आहे. मोकळ्या तारा घुमत राहतात, गज एकाच वेळी दोन तारांवरून फिरतो आणि एकटा फिडलवादक घरभर पुरेल एवढा नाद उभा करतो.

अंगठ्याची साक्ष

आता त्या आखूड तारेकडे वळू. ओल्ड-टाइम बँजो वाजवण्याची प्रमुख पद्धत 'क्लॉहॅमर' म्हणून ओळखली जाते. हाताचा पंजा अर्धवट मिटायचा, तर्जनीचे किंवा मधल्या बोटाचे नख वरून खाली तारेवर आपटायचे आणि मागोमाग अंगठ्याने पाचवी तार सोडायची. बोट खाली, अंगठा बाहेर, या हालचालीतून चाल आणि ठेका दोन्ही एकाच हातातून निघतात. पाचवी तार दांडीवर दाबली जात नाही. तिचा उंच स्वर तंबोऱ्याच्या तारेसारखा सतत कायम राहतो. फरक इतकाच, की तो ठेक्यात वाजतो.

सेनेगल-गांबिया भागातील जोला लोकांच्या 'अकोंटिंग' या वाद्यात हीच युक्ती आढळते. भोपळ्यावर ताणलेले कातडे, तीन तारा, त्यांतील एक आखूड आणि अंगठ्याने वाजणारी. नखाचा आघातही वरून खालीच. गांबियाचे संशोधक डॅनियल जट्टा यांनी २००० च्या सुमारास हे साम्य अमेरिकी बँजो-अभ्यासकांपुढे मांडले. बँजो थेट अकोंटिंगपासूनच निघाला, असे कोणी ठामपणे म्हणत नाही. पश्चिम आफ्रिकेत या कुळातील अनेक वाद्ये आहेत. परंतु गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांनी कॅरिबियन बेटांवर आणि उत्तर अमेरिकेत हे वाद्य घडवले, याविषयी आता अभ्यासकांत दुमत उरलेले नाही. हॅन्स स्लोन यांच्या १७०७ मधील जमैकाविषयक ग्रंथात भोपळ्याच्या अशा वाद्यांचे चित्र आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या 'द ओल्ड प्लँटेशन' या साउथ कॅरोलायनातील जलरंगचित्रात गुलाम वस्तीतला एक वादक बँजो वाजवताना दिसतो आणि त्या बँजोवर आखूड तार स्पष्ट आहे.

तरीही ही पाचवी तार शोधून काढल्याचे श्रेय दीर्घकाळ जोएल स्वीनी या व्हर्जिनियाच्या गोऱ्या वादकाला दिले गेले. तो एकोणिसाव्या शतकातला. तोंडाला काळे फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या 'मिन्स्ट्रेल' खेळांतून स्वीनीसारख्या वादकांनी बँजो शहरी रंगमंचावर नेला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कला 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' या चमूने अशा संपूर्ण खेळाचा पायंडा पाडला. वाद्य लोकप्रिय झाले. ज्यांचे ते होते, ते मात्र विनोदाचा विषय बनले.

फिडलची कथाही फार वेगळी नाही. वाद्य युरोपातून आले, अनेक चाली स्कॉटलंड-आयर्लंडमधून आल्या. पण दक्षिणेतील नाचगाण्यांसाठी फिडल वाजवणाऱ्यांत गुलामांची संख्या मोठी होती. 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' या १८५३ मधील आत्मकथनाचे लेखक सॉलोमन नॉर्थअप हे स्वतः फिडलवादक होते आणि मळेवाल्यांच्या मेजवान्यांत त्यांना वाजवायला लावले जाई. युरोपची चाल आणि आफ्रिकेचा ठेका यांची गाठ अशी पडली.

तबकडीने केलेली वाटणी

१९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्या दक्षिणेत उतरल्या. जून १९२३ मध्ये 'ओके' कंपनीच्या राल्फ पीअर यांनी अटलांटा येथे फिडलिन जॉन कार्सन यांचे ध्वनिमुद्रण केले. पीअर यांना ते गाणे मुळीच आवडले नव्हते. म्हणून आधी केवळ ५०० प्रती काढल्या. त्या हातोहात संपल्या आणि कंपन्यांना नव्या बाजारपेठेचा शोध लागला. १९२५ मध्ये चार्ली पूल यांच्या वृंदाच्या तबकडीने एक लाखाहून अधिक खप गाठला.

या यशाची किंमत दुहेरी होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटेच मावत. पंधरा-पंधरा मिनिटे चालणारी चाल तेवढ्यात कोंबावी लागली. दुसरी कात्री अधिक खोल गेली. कंपन्यांनी याद्याच वेगळ्या केल्या. कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', गोऱ्या ग्रामीण ग्राहकांसाठी 'हिलबिली' किंवा 'जुन्या चाली'. कृष्णवर्णीय कलावंताकडून ब्लूज हवे, फिडलच्या चाली गोऱ्यांकडून हव्यात, असा हा हिशेब होता. त्यामुळे फिडल-बँजो वाजवणारे असंख्य कृष्णवर्णीय वृंद ध्वनिमुद्रणाबाहेरच राहिले. त्याच काळात मोटारउद्योजक हेन्री फोर्ड जॅझला उतारा म्हणून जुन्या नाचांचा आणि फिडल स्पर्धांचा पुरस्कार करत होते. अवघ्या पिढीभरात या संगीताची गोरी प्रतिमा पक्की झाली. पुढच्या पिढ्यांनी इतिहास तबकड्यांवरूनच शिकला आणि तबकडीवर नाही ते झालेच नाही, असे गृहीत धरले गेले.

ओसरीवरची शिकवणी

महायुद्धानंतर शहरी तरुणांना या संगीताचा पुन्हा शोध लागला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांतून निवडलेल्या ८४ ध्वनिमुद्रणांचा संच 'फोकवेज'ने काढला. १९५८ मध्ये माइक सीगर, जॉन कोहेन आणि टॉम पेली यांनी 'न्यू लॉस्ट सिटी रॅम्ब्लर्स' हा वृंद स्थापन केला. लवकरच तरुणांच्या ध्यानात आले, की तबकडी पुरेशी नाही. गजाची चलने समोर बसूनच घ्यावी लागतात. ॲलन जाबूर यांनी १९६६ पासून व्हर्जिनियातील ग्लेन लिन येथे हेन्री रीड या वृद्ध फिडलवादकाच्या चाली मुद्रित केल्या आणि आपल्या वृंदातून त्या देशभर पोहोचवल्या. नॉर्थ कॅरोलायनात रस्तेखात्यातून निवृत्त झालेल्या टॉमी जॅरल यांच्या घरी तर शिकणाऱ्यांची रीघ लागे. १९८२ मध्ये त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला.

मात्र वर्तुळ गोरेच राहिले. ते मोडण्याची सुरुवात एप्रिल २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे भरलेल्या कृष्णवर्णीय बँजोवादकांच्या मेळाव्यातून झाली. तेथे भेटलेले रियानन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन हे तिघे पुढे दर गुरुवारी संध्याकाळी मेबेन गावी जो थॉम्प्सन यांच्या घरी जाऊन बसू लागले. १९१८ मध्ये जन्मलेले थॉम्प्सन हे कृष्णवर्णीय फिडल परंपरेच्या अखेरच्या वाहकांपैकी एक. त्यांचे वडील फिडल वाजवत आणि चुलतभाऊ ओडेल बँजोवर साथ करत. शिकवणीची रीत जुनीच होती. थॉम्प्सन वाजवत, तिघे सोबत वाजवत, चुकले तर चाल पुन्हा सुरू होई. या गुरुवारांतून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा वृंद जन्मला. त्यांच्या २०१० मधील 'जेन्युइन नीग्रो जिग' या संग्रहाला पारंपरिक लोकसंगीताचे ग्रॅमी मिळाले. थॉम्प्सन २०१२ मध्ये निवर्तले. या भेटी दहा वर्षे लांबल्या असत्या तर शिकवणारे कोणी उरले नसते, ही जाणीव शिष्यांनी अनेकदा बोलून दाखवली आहे. गिडन्स आणि रॉबिन्सन यांनी २०२५ मध्ये केवळ फिडल-बँजोचा नवा संग्रह काढला आणि त्यातील काही चाली थॉम्प्सन यांच्या घराच्या परिसरात, उघड्यावर मुद्रित केल्या.

आजच्या वादकांपुढचे पेच

आज हे संगीत मंचावर सादर करणाऱ्यापुढे दोन प्रश्न असतात. पहिला, वर्तुळाचे काय करायचे. श्रोत्यांकडे पाठ करता येत नाही आणि नाचणारे नसतील तर वीस आवर्तने श्रोत्यांना कंटाळवाणी वाटतात. काही वृंद एकाच ध्वनिक्षेपकाभोवती दाटीने उभे राहून अर्धवर्तुळ राखतात, काही जण मंचावर नर्तकाला बोलावून त्याच्या पावलांचा आवाज वाद्यासारखा वापरतात. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. मिन्स्ट्रेल खेळांतून आलेल्या अनेक चालींच्या नावांत आणि शब्दांत कृष्णवर्णीयांचा अपमान भरलेला आहे. शब्द गाळून चाल वाजवायची, नाव बदलायचे, की चाल वाजवण्याआधी तिचा इतिहास सांगायचा? तिन्ही मार्ग चोखाळणारे वादक आहेत आणि त्यांच्यात वादही आहेत. शब्द गाळले तर अपमान टळतो. पण चालीच्या प्रवासातील एक टप्पाही झाकला जातो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे.

हे वाद आणि हे वादन दोन्ही एकत्र पाहायचे तर ठिकाण आहे वेस्ट व्हर्जिनियातील क्लिफटॉप. गेलॅक्स येथील फिडलवादकांचे संमेलन १९३५ पासूनचे, त्यामानाने क्लिफटॉपचा महोत्सव नवा, १९९० पासूनचा. स्पर्धा मंचावर होतात. पण बहुतेक वादक येतात ते तंबूंमधल्या बैठकांसाठी. रात्र चढते तशी झाडांखाली एकेक वर्तुळ जमते आणि पहाटेपर्यंत एका तंबूतील चाल दुसऱ्यात मिसळत राहते. हा महोत्सव ज्या आवारात भरतो त्याचे नाव कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हर. बुकर टी. वॉशिंग्टन आणि जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या दोन कृष्णवर्णीय धुरीणांच्या नावाचे हे शिबिर १९४२ मध्ये उघडले, ते वर्णभेदाच्या त्या काळात खास कृष्णवर्णीय मुलांसाठी बांधले गेले होते.