गोदाकाठचा निरोप

नाशिक नगरीत गोदावरीच्या पात्रात रामकुंड नावाचे दगडी बांधणीचे कुंड आहे. तेथे रोज सकाळी स्नानासाठी यात्रेकरूंची गर्दी होते. त्या गर्दीतच एका बाजूस काही माणसे मूकपणे बसलेली दिसतात. त्यांच्यापुढे वस्त्राने झाकलेला लहानसा कलश असतो. आपल्या घरातील मृत व्यक्तीच्या अस्थी विसर्जित करण्यासाठी ती दूरदूरच्या गावांहून आलेली असतात.

मृत्यूनंतरच्या रीती प्रत्येक समाजात निरनिराळ्या असतात. कोणी देहाचे दहन करतात, तर कोणी दफन करतात. दहनाची रीत पाळणाऱ्या हिंदू कुटुंबांत बहुधा तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात आणि दहा दिवस सुतक पाळतात. या दिवसांत त्या घरी गोडधोड होत नाही. सणसमारंभही होत नाहीत. शेजारी व आप्त जेवण घेऊन येतात आणि दुःखी माणसांजवळ बसतात. त्यामुळे शोकाचे पहिले कठीण दिवस त्या कुटुंबाला एकट्याने काढावे लागत नाहीत.

दहाव्या दिवशी नदीकाठी दशक्रिया होते. भाताचा पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहतात. कावळा पिंडाला शिवला, म्हणजे मृताची कोणतीही इच्छा उरली नाही, अशी समजूत आहे. तो लवकर आला नाही, तर मुलगा अथवा भाऊ हात जोडून म्हणतो, "काळजी करू नका, मागे राहिलेल्यांना आम्ही सांभाळू." हे वचन मृताला दिलेले असले, तरी ते ऐकणारी माणसे जिवंत असतात, आणि चारचौघांत दिलेला शब्द सहसा मोडवत नाही.

या रीतींतून राजेही सुटत नाहीत. वनवासात असताना रामाने आपले पिता, अयोध्येचे राजे दशरथ, यांचे श्राद्ध याच ठिकाणी केले, अशी श्रद्धा आहे. राजधानी दूर होती. पण नदी जवळ होती.

असाच प्रसंग पुढे महाराष्ट्रातील एका राजावर परक्या देशात आला. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडच्या प्रवासास गेले होते. परत येताना इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. त्या शहरात दहनाची प्रथा नव्हती. तथापि महाराजांच्या सोबत्यांनी विशेष परवानगी मिळविली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली. त्या जागी १८७४ मध्ये उभारलेली छत्री आजही आहे. तिच्याखाली महाराजांचा अर्धपुतळा आहे.

ज्यांच्याजवळ राज्य नव्हते, पण ज्यांच्यासाठी सारा देश शोकाकुल झाला, त्या महात्मा गांधींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली रामकुंडातच विसर्जित करण्यात आला.

थोरांच्या आठवणीसाठी छत्र्या व स्मारके उभी राहतात. मग सामान्य माणसाची आठवण कोठे राहते? नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या घरी यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या जपून ठेवलेल्या आहेत. त्यांत गाव, कुळ आणि पिढ्यान्‌पिढ्यांची नावे लिहिलेली असतात. अस्थी घेऊन आलेल्या नातवाला कधी कधी तेथे आपल्या पणजोबांचे नाव सापडते. पूर्वी तेही असेच कोणाला तरी निरोप देण्यासाठी या काठावर आलेले असतात. नातू त्यांच्या नावाखाली नव्या पिढीची नावे लिहवितो, सही करतो आणि घरी परततो.