गॅरेजमधले अधांतरी सामान

भिंतीला खुंट्या आणि छताला रॅक लावले की गॅरेजची जमीन मोकळी होते, हे खरेच. पण हूक विकत घेण्यापूर्वी आपली भिंत कशाची आहे, हे ठाऊक हवे.

रात्रीचे साडेतीन वाजले असतील. शेजारच्या रो-हाउसमधून एवढा मोठा आवाज आला की आमच्या ओळीतली सगळी घरे जागी झाली. चोर शिरला म्हणून कोणी काठी घेऊन धावले, कोणी खिडकीतूनच बॅटरी मारली. शटर वर करून पाहतो तो काय, गॅरेजच्या भिंतीवरची लांबलचक फळी ब्रॅकेटसकट खाली आलेली! घर रंगवून उरलेले डबे, फरशीची दोन खोकी, जुना मिक्सर, सगळे थेट मोटारीच्या बॉनेटवर. पांढरा रंग काचेवरून ओघळत होता. काका बॉनेटचा पोचा चाचपत होते. काकूंचे मात्र गाडीकडे लक्षच नव्हते. फळीखालच्या कोपऱ्यात त्यांच्या सहा वर्षांच्या नातवाची सायकल होती. रोज संध्याकाळी तो ती तिथेच लावत असे आणि तिथेच बसून तिची चेन खेळवत असे.

सकाळी आम्ही तपास केला. फळी धड होती. ब्रॅकेट वाकले नव्हते. स्क्रू तर कोरे करकरीत. ते ज्यात बसवले होते त्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या अख्ख्याच्या अख्ख्या बाहेर आल्या होत्या आणि त्यांना पिठासारखी पांढरट भुकटी चिकटली होती. सामान चांगलेच घेतले होते, पण ते त्या भिंतीचे नव्हते.

भिंत कशाची आहे?

हार्डवेअरच्या दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो, ‘हा हूक केवढ्याला?’ खरे तर दुकानदाराने आपल्याला विचारायला हवे, ‘ताई, भिंत कशाची आहे?’ तो विचारत नाही आणि आपल्यालाही बहुधा ठाऊक नसते.

ओळखायला सोपी युक्ती आहे. एखाद्या कोपऱ्यात लहानसे भोक पाडा आणि बाहेर येणारी भुकटी पाहा. सुरुवातीचा अर्धा-पाऊण इंच प्लास्टरच असते आणि त्याची भुकटी सगळीकडे राखाडीच दिसते. म्हणून त्यापुढची पाहायची. लाल आली तर विटा. राखाडीच राहिली आणि ड्रिल मशीन कुरकुरत, अडखळत पुढे जाऊ लागले तर काँक्रीटचा खांब किंवा तुळई. आणि पांढरट, मऊ भुकटी येऊन ड्रिल सहज आत शिरले तर तो हलका एएसी ब्लॉक. अलीकडच्या पुष्कळ इमारतींत हाच असतो. त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे असतात, त्यामुळे भिंत हलकी होते, घरात उकाडाही कमी होतो. ब्लॉकमध्ये दोष काही नाही. फक्त विटेसाठी बनवलेली गिट्टी त्यात फुगून घट्ट बसण्याऐवजी आजूबाजूचा ब्लॉकच चुरते. शेजारी नेमके हेच झाले होते.

अशा भिंतीसाठी वेगळ्या, लांब गिट्ट्या मिळतात. दुकानात ‘एएसी ब्लॉकसाठी’ असे स्पष्ट सांगून मागाव्यात आणि भोक पाडताना मशीनचे हॅमर बंद ठेवायला मिस्त्रीला सांगावे. वजन बरेच असेल तर भिंतीतून आरपार बोल्ट घालून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी देणे चांगले. याहून बरा उपाय म्हणजे गॅरेजच्या कोपऱ्यातल्या दोन काँक्रीटच्या खांबांना आडवी लोखंडी चॅनेल बसवायची आणि सगळ्या खुंट्या तिच्यावर घ्यायच्या. बिचाऱ्या ब्लॉकवर मग भारच येत नाही.

विटांची भिंत नऊ इंची असेल तर फारशी काळजी नाही. साडेचार इंची असेल तर बेताने घ्यावे. विटेच्या भिंतीत आणखी एक गोष्ट घडते. लाल भुकटी येता येता एकदम राखाडी येऊ लागली तर ड्रिल दोन विटांमधल्या सांध्यात गेले असे समजा. ते भोक बुजवून दोन इंच बाजूला सरका. सांध्यातली गिट्टी आज घट्ट वाटली तरी तिचा भरवसा नाही. आणि भोक पाडल्यावर आतली धूळ फुंकून किंवा ब्रशने काढल्याशिवाय गिट्टी ठोकू देऊ नका. घाईत असलेला मिस्त्री हे हमखास गाळतो.

काट्यावर उभे राहा

आता टांगायच्या वस्तूंचे वजन. आपला अंदाज इथे फार चुकतो. रंगाचा २० लिटरचा भरलेला डबा म्हणजे २० किलो, असे आपण धरतो. पण रंग पाण्यापेक्षा जड असतो, तो डबा २५ किलोच्या पुढेच जातो. दोन फूट बाय दोन फुटांच्या चार फरश्यांचे खोके ३० किलोच्या आसपास भरते. स्वयंपाकघरातून काढलेली कडप्प्याची फळी, तीन फूट लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड, नुसतीच १९ किलोंची असते, तिच्यावर काहीही न ठेवता!

घरात वजनाचा काटा असेल तर वस्तू हातात घेऊन त्यावर उभे राहा, मग आपले वजन वजा करा. (आपले वजन कोणाला सांगायची गरज नाही.) जी बेरीज येईल त्याच्या चौपट भार पेलेल अशी व्यवस्था करा. चौपट कशाला, असे घरातले पुरुष म्हणतील. कारण फळीवर आज जे आहे तेवढेच पुढच्या दिवाळीला राहत नाही आणि वस्तू वर ठेवताना आपण ती आदळतोही.

जड वस्तूंसाठी मी तर म्हणेन, टांगूच नका. छिद्रांच्या लोखंडी पट्ट्यांचे, म्हणजे स्लॉटेड अँगलचे उभे रॅक घ्या. त्याचे पाय जमिनीवर असतात, भिंतीला फक्त तो कलंडू नये म्हणून अडकवायचा. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना तर हाच उपाय. घर बदलताना नटबोल्ट काढून तो घेऊन जाता येतो आणि घरमालकाशी भोकांवरून वाद होत नाही. रॅक दिसायला टांगलेल्या फळीइतका नीटस नसतो, पण फळीचा डौल बॉनेटवर आल्यावर कोण पाहतो?

ब्रॅकेट उलटे लावू नका

बाजारातल्या एल आकाराच्या पुष्कळ ब्रॅकेटांची एक बाजू लांब आणि एक आखूड असते. लांब बाजू फळीखाली गेली की फळीला आधार जास्त, असे वाटून पुष्कळ जण ती फळीखाली घेतात. लांब बाजू भिंतीला हवी.

हिशेब साधा आहे. दीड फूट रुंद फळीवर २० किलो सामान आहे, म्हणजे त्याचा भार भिंतीपासून साधारण नऊ इंचांवर पडतो. ब्रॅकेटचे वरचे आणि खालचे स्क्रू एकमेकांपासून नऊ इंचांवर असतील तर वरच्या स्क्रूंवर भिंतीतून बाहेर येण्याची ओढ २० किलोंचीच बसते. तेच अंतर सहा इंच ठेवले तर ओढ ३० किलोंची होते. सामान तेवढेच, फळी तीच! म्हणून फळी जितकी अरुंद तितकी बरी. गॅरेजमध्ये फूटभर रुंदी पुरते. त्याहून रुंद फळीवर मागचे डबे कोणाला दिसतही नाहीत.

पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, खुरपी, झाडे कापायची कात्री अशा हलक्या वस्तूंना फळीही नको. छिद्रांचा लोखंडी पत्रा भिंतीपासून थोडा पुढे बसवून त्यात एस हूक अडकवले की हत्यारे डोळ्यांसमोर राहतात. हार्डबोर्डचा स्वस्त बोर्डही मिळतो, पण कोकणात, मुंबईत, गोव्यात तो घेऊ नये. एका पावसाळ्यात फुगून त्याचा पापड होतो. लोखंडी ब्रॅकेटही गॅल्व्हनाइज्ड किंवा पावडर कोटिंग केलेले घ्या. वेल्डरकडून करून घेणार असाल तर आधी रेड ऑक्साइडचा हात आणि मग रंग, हे समोर उभे राहून करून घ्या.

डोक्यावरचे ओझे

आपल्या जुन्या घरांत छताला वस्तू टांगणे काही नवे नव्हते. मांजरापासून दूधलोणी वाचवायला शिंके असे, कडीपाटाच्या तुळईला पाळण्याची कडी असे. पण ते ओझे किती, हे घरातल्या बायकांना नेमके ठाऊक होते. आज छताला रॅक टांगायचे म्हणजे नायलॉनची सुरी गाठ मारून भागत नाही.

काँक्रीटच्या स्लॅबला प्लॅस्टिकची गिट्टी कधीही नको. भिंतीत ती निदान आडवी असते, छतात मात्र वजन तिला सरळ खाली खेचत असते. तिथे लोखंडी अँकर फास्टनरच हवेत. भोक पाडताना सळई लागली तर जोर न लावता जागा बदलायची. दिव्याच्या किंवा पंख्याच्या बिंदूपासून बटणांच्या बोर्डाकडे जाणारी वायरची नळी स्लॅबच्या पोटात असते, त्या रेषेत भोक नको. पंख्याचा हूक मोकळा दिसला तरी त्याला रॅक टांगू नये, तो चार-पाच किलोंच्या पंख्यासाठी आहे.

स्लॅबला ओल असेल, पोपडे निघत असतील, तांबूस डाग पडले असतील तर सगळा बेत पुढे ढकला. आत सळई गंजते आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडते. त्यात फास्टनर ठोकणे म्हणजे पडायला टेकलेल्या तुकड्याला आणखी ओझे बांधणे. पीओपी किंवा जिप्समचे छत तर फक्त शोभेचे. पत्र्याचे छप्पर असेल तर त्याच्या लोखंडी सांगाड्याला शिडी, छत्र्या अशा हलक्या वस्तूच अडकवाव्यात. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना ड्रिल लावूच नका. त्यांत अ‍ॅसबेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते.

उंचीचे माप गाडी बाहेर काढून घेऊ नका. गाडी आत उभी करून, तिची मागची डिकी पूर्ण उघडून घ्या. मारुती ८०० साठी बांधलेल्या गॅरेजांत आज उंच गाड्या उभ्या राहतात आणि नवा रॅक पहिल्याच दिवशी डिकीला ओरखडा देतो. शटरचा रूळ वर किती जागा घेतो तेही पाहा. माणसांच्या वाटेवर काही टांगायचे तर खाली सहा-साडेसहा फूट मोकळे राहायला हवेत.

सायकलींसाठी दोरी आणि पुलीची सोय चांगली असते. कपडे वाळत घालायच्या दांड्यांसारखीच ती चालते. फक्त दोरी बांधायचा खिळा मुलांचा हात पोहोचणार नाही एवढा उंच हवा. मोकळ्या दोरीची गाठ सोडून पाहावीशी वाटत नाही असे मूल मी तरी पाहिलेले नाही. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, दोरी हातातून सरकवत तपासा, नटबोल्ट आवळा.

जे वर जाऊ नये

थिनर, टर्पेंटाइन, रंगाचे उघडलेले डबे उंचावर नकोत. झाकण सैल झाले तर ते आपल्याच डोळ्यांत सांडते. पेट्रोलचा कॅन तर गॅरेजमध्ये नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साठते आणि एका ठिणगीची वाट पाहते. बॅटरीवर चालणारी स्कूटर जिथे चार्जिंगला लावता तिच्या वर जुन्या गाद्या, पडदे, पुठ्ठ्याची खोकी टांगू नका. पुठ्ठा तसाही वाळवीला आमंत्रण देतो, त्याऐवजी झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे बरे.

स्वतःचे गॅरेज नसून इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये गाडी उभी राहत असेल, तर तिथल्या छताला रॅक टांगण्यापूर्वी सोसायटीला विचारा. मुंबईतल्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले की अशी खांबांमधली जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामायिक जागा आहे. २०१६ च्या रेरा कायद्यानेही छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेल्या जागेलाच गॅरेज म्हटले आहे. शेजाऱ्याच्या गाडीवर आपली फळी पडली तर भांडण निव्वळ पोच्याचे राहणार नाही.

घर अजून बांधून व्हायचे असेल तर तुमच्यासारखे भाग्यवान कोणी नाही. गॅरेजचा स्लॅब ओतण्यापूर्वी कंत्राटदाराला सांगून सळयांना अडकवलेल्या चार-सहा जाड कड्या खाली सोडून घ्या, मात्र किती वजन टांगणार ते इंजिनिअरला आधी सांगा. स्लॅब पडून गेल्यावर तेवढेच काम करायला ड्रिल, फास्टनर, मिस्त्री आणि धास्ती, सगळे लागते.

शेजारच्या काकांनी बॉनेट दुरुस्त करून घेतले. फरशीची खोकी आता जमिनीवरच्या रॅकच्या सर्वांत खालच्या कप्प्यात आहेत. रंगाचे डबे उघडून पाहिले तर पाचांपैकी तीन कधीच वाळून दगड झाले होते, ते काकूंनी टाकून दिले. नातवाची सायकल त्याच कोपऱ्यात असते. खांबात ठोकलेल्या एका खुंटीला तिचे पुढचे चाक अडकवलेले असते. खुंटी त्याचा हात पोहोचेल एवढ्याच उंचीवर आहे आणि तिच्या वर छतापर्यंत भिंत मोकळी आहे.