काउंट नॉर्मल, पण पेशी काम करतात का?

“डॉक्टर, काउंट तर नॉर्मल आलाय, मग पाय का बरा होत नाही?” मधुमेहाचे रुग्ण हा प्रश्न मला नेहमी विचारतात. शेतात बाभळीचा काटा मोडलेला असतो. पाय बधिर, त्यामुळे दुखत नाही. आठ दिवस हळद लावण्यात जातात. साखर तीनशेच्या घरात, पण पांढऱ्या पेशी आठ हजार, म्हणजे ४,००० ते ११,००० या हद्दीत. घरचे निर्धास्त होतात. वाचकहो, काउंट हा हजेरीपट आहे. वर्गात मुले किती ते त्यावरून कळते, अभ्यास कोण करतो ते कळत नाही. पायाची जखम चिघळलेली असतानाही बऱ्याच मधुमेहींचा काउंट वाढत नाही.

पांढऱ्या पेशींत सर्वाधिक संख्या न्यूट्रोफिल पेशींची असते. जंतू गिळायचे आणि आत तीव्र रसायने सोडून मारायचे, हे त्यांचे काम. त्यासाठी लागणारी शक्ती त्या मुख्यतः ग्लुकोज मोडून मिळवतात. हे काम चालू असताना बघता येईल का? येते, आणि गंमत म्हणजे रंगही घालावा लागत नाही.

बँकेत नोट जांभळ्या दिव्याखाली धरली की तिच्यावरच्या खुणा चमकतात, हे आपण पाहिले असेल. पेशीतही असाच एक पदार्थ आहे. एनएडीएच आणि त्याचा भाऊ एनएडीपीएच हे शक्तीची ने-आण करणारे हमाल. अतिनील प्रकाश पडला की ते फिकट निळे चमकतात, पण पाठीवर ओझे असेल तरच. ओझे उतरवलेला हमाल चमकत नाही. त्यामुळे चमक मोजली की पेशीचा कारभार कसा चालला आहे, याचा अंदाज येतो.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ब्रिटन चान्स यांनी या चमकेचा फार उपयोग केला. (हे गृहस्थ १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये शिडाच्या होडीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारे!) १९६४ साली त्यांनी व सहकाऱ्यांनी यीस्टच्या पेशींत ही चमक लाटेसारखी कमी-जास्त होताना नोंदवली. म्हणजे साखर मोडण्याचे काम एकसारखे न चालता तालात चालू शकते.

पुढे १९९० च्या दशकात डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात हॉवर्ड पेटी यांच्या गटाने मानवी न्यूट्रोफिल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्या. पेशी जिवंत, काचेला चिकटलेली आणि शरीराइतक्या उबेत. प्रकाश अगदी मंद, कारण अतिनील किरणांनी पेशीच मरते. स्वस्थ पेशीत सुमारे तीन मिनिटांचा ताल दिसला, तर सरपटू लागलेल्या पेशीत सुमारे वीस सेकंदांचा, असे त्यांनी नोंदवले. हे निष्कर्ष इतर प्रयोगशाळांत पक्के ठरल्याखेरीज दवाखान्यात आणू नयेत, असे माझे मत आहे. ‘पेशींचा ताल तपासून देतो’ म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ घरी यावे.

मधुमेहाशी याचा संबंध एनएडीपीएचमुळे येतो. जंतू मारणारी रसायने बनवायला न्यूट्रोफिलला तेच लागते. साखर फार वाढली की ते दुसरीकडेच खर्ची पडते आणि पेशी हजर असूनही मंदावते, हे एक कारण मानले जाते. म्हणून जखम झालेल्या मधुमेहीने काउंटपेक्षा साखरेकडे आणि रोज पायाच्या तळव्याकडे पाहावे.

पेशीचे काम तपासण्याची एक प्रस्थापित चाचणी मात्र आहे, आणि ती आपल्या मुंबईत होते. काही बालकांत जन्मतःच जंतू मारणारी रसायने बनत नाहीत. या आजाराला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज म्हणतात. वारंवार गळवे, यकृतात पू, न हटणारा न्यूमोनिया, बीसीजी टोचल्यावर काखेतली गाठ फुटणे, आणि काउंट नॉर्मल किंवा वाढलेलाच! अशा मुलांना केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवता येते. डीएचआर चाचणीत पेशींना चिथावतात. निरोगी पेशी हिरव्या चमकतात, आजारी पेशी अंधारात राहतात. निदान वेळेवर झाले तर कोट्रायमोक्साझोलसारखे स्वस्त औषध रोज देऊन बरेच संसर्ग टाळता येतात. काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपण उपयोगी पडते.

पेशी जिवंत हव्यात, म्हणून रक्त ताजे लागते. शक्य असेल तर मुलाला तिथे घेऊनच जावे. सोबत आईचेही रक्त तपासतात, कारण मुलग्यांत हा जनुकीय दोष बहुतेकदा आईकडून आलेला असतो. यात तिचा अपराध काही नाही, हे सासरच्या मंडळींना मी आधीच सांगून ठेवतो.