पातं केवढं हवं? क्षिप्रेच्या गाळाचा हिशेब

पावसाळ्यात क्षिप्रा चढली की उज्जैनच्या रामघाटावरची लहान देवळं पाण्याखाली जातात. पूर ओसरला की पायऱ्यांवर आणि घाटाच्या फरसबंदीवर काळाभोर गाळ उरतो. पायऱ्यांवरचा गाळ फावड्याने आणि पाण्याच्या फवाऱ्यानेच काढावा लागतो. मोकळ्या फरशीवर आणि रस्त्यावर मात्र पुढे पातं लावलेलं यंत्र चालू शकतं. तिथे पात्याच्या मापाचा प्रश्न येतो, आणि जागा मोठी तर पातं मोठं, हे उत्तर सहज सुचतं. ते चुकीचं आहे. जागेच्या विस्तारावरून कामाला किती वेळ लागेल ते कळतं. पात्याचं माप ठरतं ते ढकलायच्या मालाच्या वजनावरून, चाकांखालच्या पकडीवरून आणि ढीग टाकायच्या जागेवरून.

हे बर्फाळ मुलखात सर्वांत चांगलं कळतं. उत्तर अमेरिकेत वाहनतळावरचा बर्फ सारायला लोडरच्या पुढे एक पोलादी पेटी जोडतात. तिला मागे उभा पत्रा, दोन्ही अंगांना पत्रे आणि खाली जमीन खरवडणारी पट्टी असते. तळ आणि पुढची बाजू उघडी. अंगच्या पत्र्यांमुळे माल कडेने सांडत नाही. अशी पेटी आठ फूट, म्हणजे सुमारे 2.4 मीटर रुंद, एक मीटर उंच आणि एक मीटर खोल आहे असं धरू. माल आत उतरत्या ढिगासारखा साचतो, म्हणून निम्मंच आकारमान घेऊ: 1.2 घनमीटर. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलो धरला तर ओझं 120 किलो. ओला, दबलेला बर्फ 400 किलोचा धरला तर 480. ओला गाळ मात्र घनमीटरला 1,700 किलोच्या आसपास भरतो, म्हणजे त्याच पेटीपुढे दोन टन. पेटी तीच, पण ओझं सतरा पट. बर्फासाठी योग्य असलेलं माप गाळाला लावता येत नाही ते यामुळे.

आता ढकलणाऱ्याकडे पाहू. यंत्राची ताकद आपण अश्वशक्तीत मोजतो, पण ती जमिनीपर्यंत पोचते चाकांच्या पकडीतून. पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांचा असतो. निसरड्या चिखलात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी पकड मिळाली तरी पुष्कळ. म्हणजे रेटा सहा-सातशे किलोंचा. दोन टन गाळ फरशीवरून सरकवायला निदान एक टनाचा रेटा हवा. इंजिन कितीही गुरगुरलं तरी चाकं जागच्या जागी फिरतील. त्यात माळव्याची माती काळी, चिकण, पाणी पिऊन फुगणारी. ती पात्यालाही चिकटते आणि चाकांनाही. आपल्या शेतकऱ्याला हा हिशेब नवा नाही. बैलांच्या केणीने माती ओढताना केणी किती भरायची, हे जोडीचा दम आणि मातीची ओल पाहून ठरतं. शेत किती एकरांचं आहे, याचा तिथे संबंध येत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की लहान पात्याच्या खेपा वाढतात, आणि उज्जैनला कधी कधी वेळच नसतो. आक्षेप खरा आहे. 2016 चा सिंहस्थ 22 एप्रिल ते 21 मे असा भरला होता. 5 मे रोजी वादळी पावसात मांडव कोसळले, माणसं दगावली आणि मेळ्याच्या मैदानात चिखल झाला. पुढचा सिंहस्थ 2028 चा आहे. अशा घडीला झटपट काम हवं, हे कोण नाकारेल? पण रुतलेलं यंत्र एकही खेप करत नाही, वर वाटही अडवतं. दुसरा आक्षेप असा की पातं अरुंद केलं तर चाकं न काढलेल्या गाळावरून जातील. तोही खरा. म्हणून रुंदी चाकांच्या बाहेरच्या कडांपेक्षा थोडी जास्तच ठेवावी आणि काटछाट उंचीत करावी. उंची निम्मी केली की ढिगाची खोलीही निम्मी होते आणि ओझं चौथाईवर येतं. वरच्याच पेटीत गाळ 0.3 घनमीटर, सुमारे 500 किलो राहील आणि तोच ट्रॅक्टर तो नेईल. साडेसात टनांच्या आसपासचा जेसीबी याहून मोठं पातं पेलेल, आणि रुंद रस्त्यावर तो जरूर लावावा. मांडवांच्या दोरखंडांमधून आणि भाविकांच्या गर्दीतून मात्र दोन लहान यंत्रं जास्त काम उरकतील.

उरली ढिगाची जागा. साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजिला खिंडीत सीमा रस्ते संघटनेचे लोक बर्फाच्या उंच भिंती कापतात. तिथे नुसतं ढकलून भागत नाही, कारण पुढे सारायला जागाच नसते. बर्फ कापून दरीकडे फेकणारं यंत्र लागतं. घाटावर सर्वांत जवळचा उतार नदीकडेच जातो, पण नदीने आणलेला गाळ पुन्हा नदीत लोटणं म्हणजे पुढच्या पुराची सोय करणं. ढीग आतल्या बाजूलाच लागला पाहिजे आणि तिथून डंपरने उचलला गेला पाहिजे. म्हणून ढकलण्याचं अंतर थोडं आणि ढीग आटोपशीर हवा. खाली जुना दगड आहे. पोलादी पट्टी फरशीच्या उंचसखल सांध्यांत अडकते आणि कडा उडवते. ओल्या गाळाला जाड रबराची पट्टी पुरते. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा यांनी अठराव्या शतकात महाकाळाचं देऊळ पुन्हा उभं केलं, त्या नगरीत दगडाची ही काळजी जास्तीची नाही. निविदेत पात्याचं माप लिहिण्याआधी घाटावरच्या गाळाची जाडी मोजावी आणि त्याचं एक घमेलं काट्यावर ठेवावं. पात्याचा हिशेब त्या आकड्यापासून सुरू होतो.