पंधरा व्होल्ट दिले, तेरा मिळाले

औंढा नागनाथला लोक जातात ते ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला. हिंगोली जिल्ह्यातल्या या गावाजवळच, दुधाळ्याच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. तिच्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटरच्या असतील आणि गुरुत्वीय लहरीने त्यांच्या लांबीत पडणारा फरक प्रोटॉनच्या हजाराव्या भागाच्या आसपास. लेझरच्या प्रकाशातून विजेत उतरलेला असा इवलासा सिग्नल वाढवायला लागतो ऑप-अ‍ॅम्प. साधी ऑप-अ‍ॅम्प चिप एक-दोन चहांच्या पैशात येते.

पण ही चिप सिग्नल हवा तेवढा वाढवत नाही; आउटपुट तिला पुरवलेल्या व्होल्टेजच्या अलीकडेच थांबतं.

१९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीने आणलेली ७४१ ही चिप घ्या. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत ती आजही भेटते. तिला अधिक-उणे १५ व्होल्टचा पुरवठा दिला आणि आउटपुटला १० किलोओहमचा लोड जोडला, तर आउटपुट साधारण १४ व्होल्टपर्यंत चढतं. लोड २ किलोओहमचा केला की १३ वरच थांबतं, आणि डेटाशीटमधली हमी तर जेमतेम १० व्होल्टची! (ओहमचा आकडा लहान म्हणजे लोड जड, इथे नवखे हमखास चकतात.) मधले व्होल्ट जातात कुठे? आउटपुटच्या ट्रान्झिस्टरला स्वतःसाठी ०.६-०.७ व्होल्ट लागतात, त्याला चालवणाऱ्या मागच्या सर्किटलाही थोडे हवे असतात. लोड जड झाला की करंट वाढतो आणि संरक्षणासाठी बसवलेल्या रेझिस्टरवरही व्होल्टेज पडतं.

एलएम३५८ ची तऱ्हा वेगळी. ५ व्होल्टवर ती खाली जवळपास शून्याला टेकते, वर मात्र साडेतीनच्या आसपास अडते. तिच्यामार्फत अर्डुइनो बोर्डाला सेन्सर जोडणारा विद्यार्थी अडकलेला आकडा बघून बिचाऱ्या सेन्सरलाच बोल लावतो. ‘रेल-टू-रेल’ (रेल म्हणजे पुरवठ्याच्या व्होल्टेजची टोकं) चिपा हे अंतर काही मिलिव्होल्टवर आणतात, तेही लोड हलका असेल तरच. नाव जरा जास्तच आश्वासक आहे.

मर्यादा ओलांडली की लहरीचे माथे सपाट कापले जातात आणि कापलेली माहिती परत मिळत नाही. गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेत हा धोका मोठा, कारण जमिनीची संथ थरथर प्रबळ असते आणि हवा तो सिग्नल दहा ते शेकडो हर्ट्झवर, अगदी क्षीण. सगळंच सारखं वाढवलं तर थरथरच सगळी जागा व्यापून टाकेल. म्हणून लायगोच्या अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळांत ‘व्हाइटनिंग’ फिल्टर वापरतात. ते वरच्या कंपनांना जास्त वाढवतात, संथ कंपनांना कमी. वेधशाळेतले लेझरचे आरसे जागेवर स्थिरावेपर्यंत सिग्नल फार उसळतात, तेव्हा हे फिल्टर बंद ठेवतात; स्थिरावले की चालू करतात. फिल्टरने केलेला हा फेरफार पुढे संगणक हिशेबाने काढून टाकतो.