एन्रोल तर केलं, पुढे?

सबमिशनच्या आदल्या रात्री ग्रुपवर पीडीएफ मागायची आणि पेपरच्या आदल्या रात्री यूट्यूबवर ‘वन शॉट’ लावायचा. आपलं डिजिटल शिक्षण बऱ्याचदा इथंच थांबतं ना? खरं तर त्याच मोबाइलवर आयआयटीचे प्राध्यापक तुम्हाला फुकटात शिकवायला तयार आहेत.

आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीने २००३ मध्ये ‘एनपीटेल’ सुरू केलं. आता त्याचे कोर्सेस केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ पोर्टलवर चालतात. एन्रोल करायला आणि लेक्चर बघायला पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल, तर फी भरून परीक्षा द्यायची, तीही सेंटरवर जाऊन.

मग गाडी अडते कुठे? एन्रोलचं बटण दाबताना उत्साह दांडगा असतो. तिसऱ्या आठवड्यात कॉलेजचा फेस्ट येतो, मग इंटर्नल्स. ‘नंतर एकदम बघू’ म्हणता म्हणता असाइनमेंटची तारीख निघून जाते.

हे ‘एकदम’ इथं चालत नाही. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये तुमच्या सर्वोत्तम आठ असाइनमेंट्स धरतात. सर्टिफिकेटसाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० हवेतच. म्हणजे असाइनमेंट्सना दांडी मारून परीक्षेत कितीही झेंडे लावले, तरी सर्टिफिकेट नाही! आणि इथं ‘डिफॉल्टर लिस्ट’ लावून मागे लागणारं कुणी नसतं. आठवण आपली आपणच ठेवायची.

आणखी एक. यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्सेस ‘स्वयम’वरून करता येतात. पण कोणता कोर्स धरायचा, हे तुमची संस्था ठरवते. त्यामुळे आधी एचओडींना भेटा, मगच एन्रोल करा. उलट केलंत, तर मेहनत तुमची आणि क्रेडिट शून्य, असं व्हायचं.

तेव्हा यंदा पाच नको, एकच कोर्स घ्या. असाइनमेंटच्या आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या तारखा मोबाइलमध्ये अलार्मसकट टाका. हॉस्टेलवर नेट रडतंय? लेक्चर्स यूट्यूबवरही आहेत, कॉलेजच्या वायफायवर ऑफलाइन सेव्ह करून ठेवा. सोबत एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीलाही ओढा. रविवारी सकाळी कटिंग चहा आणि त्या आठवड्याची असाइनमेंट, एवढं जमवलंत तरी कोर्स पार पडेल.

एन्रोल तर सगळेच करतात. तुम्ही पूर्ण करून दाखवा!