परक्या गावातला नाताळ

डिसेंबर महिना उजाडला की ख्रिस्ती कुटुंबांत दूरगावी गेलेल्या मुलाबाळांची वाट पाहिली जाते. दिवाळीला जसे मराठी माणसाचे पाय घराकडे वळतात, तशीच ओढ नाताळलाही असते. मात्र दरवर्षी हजारो माणसे या दिवसांत जाणीवपूर्वक घरापासून दूर राहतात. शिक्षण, आरोग्य, शेती, पाणीपुरवठा अशा कामांसाठी परदेशी गेलेले हे स्वयंसेवक होत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९८५ साली ठरविल्याप्रमाणे ५ डिसेंबर हा स्वयंसेवक दिन म्हणून पाळला जातो. त्यानंतर अवघ्या २० दिवसांनी येणारा नाताळ बहुतेक स्वयंसेवकांच्या निश्चयाची कसोटी पाहतो.

रजेचे गणित

परदेशी स्वयंसेवेची आधुनिक परंपरा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात रुजली. ब्रिटनमध्ये १९५८ साली 'व्हीएसओ' ही संस्था सुरू झाली. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांनी १ मार्च १९६१ रोजी आदेश काढून 'पीस कोअर'ची स्थापना केली. त्याच वर्षी ऑगस्टअखेर पहिली तुकडी घाना देशात उतरली. आजवर १४० हून अधिक देशांत २ लाख ४० हजारांहून जास्त अमेरिकी नागरिकांनी या योजनेत काम केले आहे. संयुक्त राष्ट्रांनीही १९७० साली आपली स्वयंसेवक योजना उभी केली.

पीस कोअरची मुदत साधारणपणे २७ महिन्यांची असते. त्यांपैकी सुमारे ३ महिने प्रशिक्षणाचे व २४ महिने प्रत्यक्ष कामाचे. कामाच्या काळात दरमहा २ दिवस, म्हणजे एकूण ४८ दिवस रजा मिळते. परंतु प्रत्यक्ष कामाच्या पहिल्या ३ महिन्यांत आणि अखेरच्या ३ महिन्यांत ती सहसा घेता येत नाही. त्यामुळे जुलैमध्ये देशात पोहोचलेला स्वयंसेवक सप्टेंबरअखेर प्रशिक्षण संपवतो आणि डिसेंबर संपेपर्यंत गावातच राहतो. त्याचा पहिला नाताळ तिथेच होणार, हे विमानात पाऊल ठेवतानाच ठरलेले असते.

दुसऱ्या नाताळला जाण्याची मुभा असते, पण तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहतो. स्वयंसेवकाला पगार नसतो. गावकऱ्यांच्या जवळपास राहणीमानाने जगता येईल एवढाच निर्वाहभत्ता मिळतो. रजेवर जाण्याचे भाडे त्याने स्वतः द्यायचे असते आणि ते कित्येक महिन्यांच्या भत्त्याइतके होते. निकटच्या नातलगाचा मृत्यू झाला, तर मात्र संस्था आपल्या खर्चाने त्याला घरी पाठवते. घरची आठवण अनावर होणे हे त्या नियमात बसत नाही.

थंडीविना, बर्फाविना

सण तोच असला तरी त्याची ओळखीची खूण हरवलेली असते. झांबियात डिसेंबर हा पावसाचा आणि आंब्यांचा महिना. मादागास्करमध्ये याच सुमारास लिचीचा हंगाम भरात येतो. पश्चिम आफ्रिकेत सहारा वाळवंटाकडून येणारा कोरडा, धुळीने भरलेला 'हरमटान' वारा वाहत असतो. बर्फ, शेकोटी आणि सूचिपर्णी झाडांत वाढलेल्या माणसाला आज २५ तारीख आहे, हे दिनदर्शिका पाहूनच पटवून घ्यावे लागते.

मोरोक्कोसारख्या मुस्लिमबहुल देशात हा दिवस कामाचाच असतो. शाळा भरते, बाजार चालू राहतो आणि स्वयंसेवक नेहमीप्रमाणे वर्गात उभा असतो. इथिओपियात ख्रिस्ती धर्म प्राचीन काळापासून रुजलेला आहे. तथापि तेथील ऑर्थोडॉक्स चर्चचे पंचांग वेगळे असल्याने 'गेन्ना' हा नाताळ साधारणपणे ७ जानेवारीला येतो. लोक पांढरी सुती वस्त्रे लेवून प्रार्थनेला जातात आणि हॉकीशी साम्य असलेला, सणाच्याच नावाचा खेळ खेळतात. २५ डिसेंबरला एकाकी पडलेल्या पाहुण्याला २ आठवड्यांनी साऱ्या गावाचा नाताळ लाभतो.

फिलिपाइन्सचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. तिथे सप्टेंबरपासूनच नाताळची गाणी कानी पडू लागतात. १६ डिसेंबरपासून सलग ९ दिवस पहाटेच्या अंधारात चर्चमध्ये प्रार्थना होते. बाहेर तांदळाच्या गरम गोड वड्या विकल्या जातात. घरोघरी बांबू आणि कागदाचे 'पारोल' नावाचे तारे टांगलेले असतात. दिवाळीचा आकाशकंदील ज्याने पाहिला आहे, त्याला ते परके वाटणार नाहीत. २४ तारखेच्या मध्यरात्री होणाऱ्या कुटुंबाच्या भोजनाला स्वयंसेवकाचीही पंगत धरली जाते. इथे एकटे पडण्याची भीती नसते. उलट, दुसऱ्यांचे भरलेले घर पाहूनच स्वतःच्या घराची आठवण अधिक येते.

विक्रोळीतल्या लिलियन कार्टर

या परंपरेचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे. पीस कोअरची भारतातील पहिली तुकडी १९६१ च्या अखेरीस पंजाबात आली. १९७६ मध्ये येथील काम थांबेपर्यंत चार हजारांहून अधिक स्वयंसेवक देशाच्या विविध भागांत राहून गेले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध नाव म्हणजे लिलियन कार्टर. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या प्लेन्स या लहानशा गावातल्या या परिचारिका १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, स्वयंसेवक झाल्या. त्यांचे पती १९५३ मध्ये निवर्तले होते आणि मुले मोठी झाली होती. त्यांची नेमणूक विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत झाली. तेथे त्यांनी सुमारे २१ महिने कुटुंबनियोजनाचे आणि दवाखान्याचे काम केले. कुष्ठरुग्णांचीही शुश्रूषा केली.

त्या काळात घर आणि विक्रोळी यांच्यामधला दुवा होता तो पत्रांचा. लिहिलेल्या पत्राचे उत्तर हाती पडेपर्यंत सण मागे पडलेला असे. त्यांनी घरी लिहिलेल्या पत्रांचे 'अवे फ्रॉम होम' हे पुस्तक १९७७ साली निघाले. त्याच वर्षी त्यांचे पुत्र जिमी कार्टर अमेरिकेचे अध्यक्ष झाले होते. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थच 'घरापासून दूर' असा आहे.

आता पत्रांची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. दूरच्या खेड्यातूनही पडद्यावर घरच्यांचे चेहरे दिसतात. पण ही सोय दुधारी आहे. मांडलेले मेज, जमलेली भावंडे आणि आपली रिकामी खुर्ची हे सारे डोळ्यांसमोर येते आणि फोन बंद होताच खोलीतली शांतता अधिक जाणवते. म्हणूनच अनेक स्वयंसेवक घरी बोलण्याची एक वेळ ठरवून घेतात आणि उरलेला दिवस गावासाठी राखतात. काहीजण जवळपासच्या सहकाऱ्यांसह एकत्र येतात, मिळेल त्या सामग्रीतून घरचे पदार्थ करतात. सहकाऱ्यांत मन मोकळे होते हे खरे, पण सणाला ज्या गावाने बोलावले त्या गावाकडे पाठ फिरवली, तर ते तेथे मनाला लागते. कोणाची पंगत निवडावी, हा निर्णय वाटतो तितका सोपा नसतो.

भेटवस्तूंचा प्रश्न

नाताळ म्हटला की भेटवस्तू आल्या. येथेच स्वयंसेवकाला सर्वाधिक जपून वागावे लागते. त्याने एका घरी महागडी वस्तू दिली की शेजारी दुखावतो आणि परतफेड न करता आल्याने यजमानही संकोचतो. पीस कोअरच्या स्वयंसेवकांना धर्मप्रसाराची मनाई आहे. त्यामुळे सण सांगावा, पण लादू नये, ही मर्यादा त्यांना पाळावी लागते.

अल्प मुदतीच्या सहलींतून अनाथाश्रमांत भेटी वाटायला जाणाऱ्या पाहुण्यांबाबतचा आक्षेप तर अधिक गंभीर आहे. कंबोडियासारख्या देशांत अशा आश्रमांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळून आले आहे. पाहुण्यांच्या देणग्यांमुळे मुलांना कुटुंबापासून तोडून आश्रमात ठेवण्याचे आमिष निर्माण होते. शिवाय आठवडाभर माया लावून निघून जाणाऱ्या अनोळखी माणसांमुळे मुलांच्या मनावर पुन्हा पुन्हा आघात होतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१९ मधील बालहक्कविषयक ठरावात या प्रश्नाची दखल घेतली. सणाला मुलांना आनंद द्यावा ही इच्छा प्रामाणिक असते, पण तेवढ्याने तिचे परिणाम चांगले ठरत नाहीत.

दोन ओकेबोके नाताळ

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे पीस कोअरने ६० हून अधिक देशांतील सुमारे ७ हजार स्वयंसेवकांना एकाच वेळी मायदेशी बोलावले. संस्थेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. पुन्हा पाठवणी सुरू झाली ती मार्च २०२२ मध्ये. मधल्या २ नाताळांना तिचे स्वयंसेवक परदेशातील गावांत नव्हते. अनेकांना यजमान कुटुंबांचा नीट निरोपही घेता आला नव्हता. ज्यांनी आदल्या वर्षी घरच्या आठवणीने दिवस मोजले होते, त्यांतील कित्येकांना आता आपल्या घरी बसून त्या दूरच्या गावाची आठवण येत होती.

दूरदेशी घालवलेल्या नाताळचे खरे मोल येथे कळते. तो स्वयंसेवकाला घराची किंमत शिकवतो हे खरेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आजवर मदत देणारा म्हणून वावरलेला माणूस त्या दिवशी घेणारा होतो. त्याला ताटावर बसवणाऱ्या घराकडे बहुधा त्याच्यापेक्षा कमी असते, तरीही वाढताना हात आखडला जात नाही. सेवा करायला गेलेल्या माणसाला पाहुणचार मुकाट्याने स्वीकारता आला, तर गावाशी त्याचे नाते बरोबरीचे होऊ लागते आणि पुढच्या कामालाही तेच उपयोगी पडते.